दोघींचं पितळ

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय भुंगे,

आईने सांगितलं म्हणून लिहिते आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुला वाटायचं ताई विरघळली. तू माझा फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, तेव्हा आई म्हणाली, "मग कागदावर लिही. कागद फेकायच्या आधी माणूस एकदा उलगडून बघतोच." दोन वर्षं दोन लेकींच्या मध्ये बसून तिने एवढं शहाणपण कमावलंय.

तर, अभिनंदन.

सरांनी तुझा फोटो प्रयोगशाळेच्या बोळात लावलाय, बरोब्बर हात धुवायच्या बेसिनसमोर. मी दिवसातून पंधरा वेळा हात धुते. पंधरा वेळा तू तुझ्या नव्या ठिकाणच्या त्या कपाटाएवढ्या यंत्राला टेकून माझ्याकडे बघून हसतेस. खाली लिहिलंय, 'जस्ताला इथिलीन बनवायला लावणारी आपली विद्यार्थिनी'. आपली म्हणे! सरांच्या दारात तुझा अर्ज घेऊन कोण उभं होतं, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

आईने त्या फोटोची प्रत मागवून फ्रिजवर चिकटवली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तुझ्याच शब्दांत समजावते: "धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड वाया जातो ना, तो पाण्यात सोडायचा. पाण्यात धातूची पट्टी बुडवायची आणि वीज लावायची. पट्टी चांगली असली की त्या टाकाऊ वायूचं पुन्हा कामाचं काहीतरी होतं. आमच्या धाकटीच्या पट्टीवर इथिलीन होतं, ज्यापासून प्लास्टिक करतात ते." मग पाहुणे विचारतात, "आणि थोरली?" आई म्हणते, "तीही तेच करते. तांब्यावर." हे म्हणताना तिचा आवाज एक पायरी खाली उतरतो. तिला कळत नाही, मला कळतं.

मला तुझा हेवा वाटतो. चांगला, भरभक्कम हेवा. आठ वर्षं मी तांब्यापुढे बसले. तांबं म्हणजे सगळ्यात तोंड घालणारं, एका वेळी सोळा पदार्थ करतं आणि एकही धड नाही. मी त्याला म्हणत आले, बाबा रे, एकच काहीतरी नीट दे. आणि तू आलीस नाकातल्या नाकात गुणगुणत, जस्त उचललंस आणि दीड वर्षात त्याच्याकडून इथिलीन काढून घेतलंस. जगभर जस्त कार्बन मोनॉक्साइडपर्यंत जेमतेम पोचतं आणि तिथेच बसकण मारतं. तुझ्यासाठी तेवढं उठून चालायला लागलं. माझ्या पोटात दुखलं, आणि अजून दुखतं.

एवढं सगळं झालं, आणि तुझ्या शोधनिबंधाच्या शेवटी आभारात माझं नाव तिसरं, काचवाल्या काकांच्या खाली. काकांनी काचेची भांडी फुंकून दिली, मान्य. पण त्या आठवड्यात तुझा हात भाजला होता आणि तुझ्या चोवीसच्या चोवीस पट्ट्या मी घासल्या होत्या. एक कोपऱ्यात वाकली म्हणून तुला तेवीस मिळाल्या, आणि त्या तेवीस पट्ट्यांवर तुझा अख्खा निबंध उभा आहे. घासल्या होत्या त्याही नियमाप्रमाणे, पांढऱ्या दोऱ्याच्या फडक्यावर. तांब्याच्या फडक्याला लाल दोरा, जस्ताच्या फडक्याला पांढरा, एकाचं फडकं दुसऱ्याला लावायचं नाही. हा नियम इथे मीच आणला, हे निदान काकांना तरी आठवतं.

आई बरी आहे. तिचा गुडघा दुखतो. रविवारी तुझा फोन आला की दुखायचा थांबतो.

तुझी ताई


बुधवार, १९ फेब्रुवारी

भुंगे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

रविवारी तू आईशी बोललीस तेव्हा मी भांडी विसळत होते. आई फोन मोठ्या आवाजावर ठेवते हे तुला माहीत आहे, तरी तू सगळं बोललीस, त्यामुळे मी चोरून ऐकलं असं म्हणू नकोस. नळ तेवढा मी बंद केला.

म्हणजे तिथे नव्या पट्ट्या चालत नाहीत. इथून नेलेल्या आठ पट्ट्यांवर तू दोन वर्षं सगळ्यांना इथिलीन दाखवलंस, आता त्या झिजल्या. मोठ्या यंत्रासाठी शंभर नव्या पट्ट्या मशीनवर घासून घेतल्या आणि शंभरातली एकसुद्धा इथिलीन देत नाही. हायड्रोजन देतात, कार्बन मोनॉक्साइड देतात, कुठलंही साधं जस्त देतं तेवढंच देतात.

मला आनंद झाला. तो कसा झाला तेही सांगते. आधी छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, मग भूक लागली. रात्रीच्या जेवणाला मी दोनदा वाढून घेतलं. आई म्हणाली, "आज बरी जेवलीस." सुंठीवाचून खोकला गेला, असं मनात म्हणत मी ताट उचललं.

सोमवारी सरांनी बोलावलं. समोर तुझं पत्र होतं. ते म्हणाले, "तुमच्या बहिणीची विनंती आहे. मूळ प्रयोग इथे पुन्हा करून बघा. तुम्हीच करा, जस्त घासायला तुमच्याइतका हात कुणाचा बसलेला नाही." मी विचारलं, नाही जमला तर? त्यांनी चष्मा काढून पुसला. "तर तसं लेखी द्या. मग निबंध मागे घ्यावा लागेल. आणि एकदा निबंध मागे गेला की तिचं यंत्र, तिची जागा, तिच्या हाताखालची माणसं, यातलं काही राहणार नाही. म्हणून नीट करा."

नीटच केला. आतापर्यंत चार वेळा. नवं जस्त, नवं पाणी, काकांनी फुंकलेलं तेच जुनं भांडं. आठवतं, वायू तपासायच्या यंत्रापुढे बसून, कागदावरच्या रेघेला टोक चढतं का बघत, आपण एकमेकींना विचारायचो, "पीक आलं का गं?" आणि पहिल्यांदा डबा घेऊन आलेली आई दारातूनच म्हणाली होती, "कसलं पीक? इथे तर कुंडीसुद्धा दिसत नाही!" तर या वेळी पीक आलं नाही. इथिलीनच्या जागी कागदावर सरळ, सपाट रेघ. चारही वेळा.

लोक म्हणतात ना, पितळ उघडं पडलं. तुझं पडायच्या बेतात आहे. सरांना मार्चअखेरपर्यंत उत्तर हवंय.

ताई


गुरुवार, ६ मार्च

भुंगे,

तुझं कार्ड मिळालं. ना 'प्रिय', ना 'तुझी'. नुसती एक ओळ: 'ताई, त्या पट्ट्या घासताना काही वेगळं केलं होतंस का?'

नाही.

वेगळं काय करणार? पट्टी कापली, साबणाने धुतली, फडक्यावर पांढरी भुकटी घेतली, आठचा आकडा काढत घासली, पाण्याने विसळली, वाळवली. तीच भुकटी, तेच पाणी, तेच टेबल, खिडकीकडचं. तुझा हात भाजला नसता तर तूच घासल्या असत्यास आणि आज मला हा प्रश्न विचारायची वेळ आली नसती. प्रयोग फसला की आधी घासणारीकडे बोट दाखवायचं, ही चांगली रीत आहे. जमला की मात्र डोकं तुझं.

आणि एक. निबंधाच्या पुरवणीत पट्टीच्या पृष्ठभागाची तपासणी आहे, तिच्यात तांब्याची बारीक खूण दिसते. तिच्यावरून उगाच डोकं लढवत बसू नकोस. त्या यंत्राचा पट्टी धरायचा चिमटाच पितळेचा आहे, त्यामुळे तांबं प्रत्येकाच्याच तपासणीत दिसतं आणि प्रत्येकजण ते सोडून देतो. तू सोडलंस, सरांनी सोडलं, निबंध तपासणाऱ्यांनीही सोडलं. त्यात काही नाही. तू त्याबद्दल विचारलंही नाहीस, मीच सांगत सुटले आहे.

तू गेलीस त्या दिवसाबद्दल मला बोलायचं आहे. सामान टॅक्सीत चढलं होतं. तू जिन्यात थांबून म्हणालीस, "ताई, एकदा तरी 'छान झालं' म्हण की गं. बाकी सगळे म्हणाले, तेवढी तू राहिलीस." मी काय म्हटलं ते तुला पाठ असणार. आयत्या बिळावर नागोबा, असं म्हटलं मी. प्रयोगशाळा मी उभी केली, भांड्यांची रांग मी लावली, तू येऊन बसलीस. जिना उतरताना गुणगुणत नव्हतीस, एवढं लक्षात आहे. तेव्हापासून तू फोन उचलला नाहीस, आणि उचलायला हवा होतास असं मीही म्हणणार नाही.

'छान झालं' हे शब्द माझ्या तोंडून का निघाले नाहीत, याचं कारण फक्त हेवा नव्हतं. एवढंच आज लिहिते.

प्रयोग आता नऊ वेळा केला. रेघ सपाट आहे. सरांसाठी अर्धं पानही लिहून ठेवलंय, 'निकाल पुन्हा मिळत नाही'. सही तेवढी राहिली आहे. पेन उचलते आणि दुसरंच काम आठवतं.

ताई


शुक्रवार, १४ मार्च

प्रिय भुंगे,

हे पत्र बसून, सावकाश वाच.

रविवारी तुझ्याशी बोलून झाल्यावर आईने फोन ठेवला आणि ती दाराजवळच्या, बूट घालायच्या स्टुलावर जाऊन बसली. तिथे ती कधी बसत नाही. म्हणाली, "ती स्वतःच निबंध मागे घेणार आहे. या महिनाअखेरीला. म्हणते, आई, माझं कुठेतरी चुकलंय आणि काय चुकलं तेच मला सापडत नाही. जेवत नाही गं ती. आवाजावरून कळतं मला."

मी म्हटलं, संशोधनात असं होतंच.

आई म्हणाली, "तू बघ ना. लहानपणी तिचं काही हरवलं की तूच शोधून द्यायचीस. पट्टी, खोडरबर, रिबीन. अख्खं घर शोधून दमायचं, आणि तू एका मिनिटात काढून द्यायचीस."

भुंगे, ते मला सापडायचं कारण ते मीच लपवलेलं असायचं. तू रडलीस की काढून द्यायचं, मग सगळे म्हणायचे थोरली किती गुणाची. हे तुला माहीत होतं का? आईला माहीत नाही. स्टुलावर बसून ती माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की मला तिथे उभं राहवेना. मी गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, परत उलगडून पुन्हा घातल्या.

सोमवारी दुपारी मी माझा खण उघडला. तळाशी लाल दोऱ्याचं जुनं फडकं होतं. पाण्याने विसळलं तरी त्यातलं काळं जात नाही, आठ वर्षांचं तांबं मुरलंय त्यात. नवी जस्ताची पट्टी घेतली आणि त्याच्यावर घासली. भांड्यात बसवली, वायू सोडला, वीज लावली, आणि यंत्रासमोर हाताची घडी घालून बसले. चार वाजायला दहा मिनिटं असताना पीक आलं. तुझ्या वेळेएवढं उंच नाही, पण त्याच जागी. मागून काचवाले काका आले. कागद बघून म्हणाले, "अरे वा, उगवलं की! काय घातलंत?" मी म्हटलं, तांबं. ते म्हणाले, "मग ते जस्त कसलं? पितळ झालं ते." आणि भांडं घेऊन निघून गेले.

तांबं अधिक जस्त, पितळ. शाळेतल्या मुलाला येतं. तुला 'पितळ उघडं पडणार' असं मी किती मजेत लिहिलं होतं!

आता उरलेलं लिहिते.

तीन वर्षांपूर्वी, तुझा हात भाजला त्या आठवड्यात, सकाळी सरांनी मला बोलावून सांगितलं होतं की आढाव्याच्या बैठकीत तुमच्या बहिणीला आधी बोलू द्या, तांब्याचं पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी! मी 'बरं' म्हणून बाहेर आले. टेबलापाशी तू उभी होतीस, हाताला पट्टी बांधलेली. म्हणालीस, "ताई, एवढ्या चोवीस घासून देशील? तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही." मनापासून म्हणालीस, तेच मला सहन झालं नाही.

मी खण उघडला. पांढऱ्या दोऱ्याचं फडकं वरच होतं, घडी घातलेलं. ते मी हातात घेतलं आणि परत ठेवलं. लाल दोऱ्याचं काढलं.

चुकून नाही, भुंगे. दोरा मला दिसत होता. तो मीच शिवलेला होता.

मला वाटलं, जस्तात तांब्याची घाण गेली की तुझा आलेख विस्कटेल. सोळा पदार्थांचं गबाळं दिसेल, सगळ्यांसमोर तुझी फजिती होईल, सर म्हणतील घाई झाली, थोरलीला बोलू द्या. चोवीस पट्ट्या मी एका दमात घासल्या. इतक्या दाबून की शेवटची कोपऱ्यात वाकली.

पाचव्या दिवशी तू बोळातून ओरडत आलीस. "ताई, पीक आलं! जस्तावर इथिलीन! ये ना, बघ ना!" आणि भाजलेल्या हाताने मला मिठी मारलीस. मी म्हटलं, "कुठेतरी गळती असेल." पण कागद बघितल्यावर मिनिटभरात मला सगळं कळलं होतं. जस्त कार्बन मोनॉक्साइड करून देत होतं, आणि शेजारी रुतलेले तांब्याचे कण तो उचलून दोन-दोन कार्बन जोडत होते. तांब्याला एवढं हातात आयतं कधी मिळालं नव्हतं, म्हणून आठ वर्षं ते सैरावैरा धावत होतं. जस्ताला पुढचा रस्ता ठाऊक नव्हता. ज्याच्यासाठी मी आठ वर्षं घालवली ते माझ्या डोळ्यांपुढे झालं होतं, तुझ्या पट्टीवर, माझ्या फडक्याने, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. तांबं म्हटलं की तांबं आलं कुठून, हे सांगावं लागणार होतं.

तीन वर्षं टाळ्या पडताना मी मागच्या रांगेत बसून मनात म्हणत होते, ते माझं आहे, माझं आहे ते. चोरी करायला गेलेल्या माणसाच्या हातून दान पडावं आणि ते परतही मागता येऊ नये, तशी माझी गत झाली. म्हणून 'छान झालं' म्हणता आलं नाही. ते म्हणताना मी स्वतःलाच म्हणते आहे असं वाटलं असतं, आणि तोही अधिकार मला नव्हता.

तुझं काही चुकलेलं नाही. तुझ्या पट्ट्यांचा आकार, तुझी वीज, तुझं मोजमाप सगळं बरोबर आहे. तुझ्या कारणात एक धातू कमी आहे, तेवढाच. आणि तो मी लपवला होता. निबंध मागे घेऊ नकोस. सोबत सोमवारचा कागद आणि फडक्याचा अर्धा तुकडा पाठवते आहे, दोऱ्याच्या बाजूचा.

सरांना आज सकाळी सांगितलं. पत्र पेटीत टाकून मग सांगते, असं ठरवलं असतं तर ते कधीच झालं नसतं, मी मला ओळखते. ते अर्धं पान त्यांच्यासमोर फाडलं. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाले, "किल्ल्या टेबलावर ठेवा." मी ठेवल्या.

माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यायची की नाही हे ठरवावं लागेल, आणि तुझ्यावर आधीच पुष्कळ कामं पडली आहेत.

ताई


बुधवार, २ एप्रिल

प्रिय भुंगे,

तुझं पाकीट मिळालं. त्यात दुरुस्तीचा मसुदा होता, आणि मागे पेन्सिलीने एक ओळ. दोन्हींना उत्तर देते.

आधी मसुदा. तू लिहिलंयस, 'पट्ट्या घासताना फडक्यातून चुकून मिसळलेल्या तांब्यामुळे'. 'चुकून' या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक टिंब दिलं आहेस. ते टिंब मी बघितलं. तू माझ्यासाठी दार उघडं ठेवलं आहेस, आणि ते उघडं ठेवताना तुला किती जड गेलं असेल याचा मी दोन दिवस विचार केला. तो शब्द मी खोडला आहे. त्या जागी काहीच लिहू नकोस असं सर म्हणतील, तेही चालेल. पण 'चुकून' नको. चौकशीतही मी तेच सांगितलंय. माझ्या जागेचं काय ते पुढच्या महिन्यात ठरवतील. तोवर मी घरी आहे. बोळातला तुझा फोटो तसाच आहे, असं काका सांगत होते. बघायला कुणी नसेल म्हणून वाईट वाटलं. पंधरा वेळा हात धुणारं तिथे दुसरं कुणी नाही.

आता मागची ओळ. 'किती दाबून घासलं होतंस? मशीनला ग्रॅममध्ये सांगावं लागतं.'

बस, एवढंच विचारलंस. कशी आहेस, का केलंस, काही नाही. मी ती ओळ वाचून हसले, भुंगे, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसले, कारण प्रश्न बरोबर होता. तांबं जस्तात किती खोल रुततं यावरच सगळं आहे. त्या सोमवारी मी नेहमीच्या हाताने घासलं, म्हणून माझं पीक तुझ्या निम्मं आलं.

आणि तो दाब मोजायचं साधन माझ्याकडे होतं. ती चोविसावी, वाकलेली पट्टी मी कधी टाकली नाही. का ठेवली ते विचारू नकोस. तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या काकांनी आणून दिल्या. स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर ठेवला, त्यावर काच, काचेवर फडक्याचा उरलेला अर्धा. कोपरा त्या चोविसाव्या पट्टीसारखा वाकला की तो त्या दिवशीचा दाब, असा हिशेब. माझी नजर पट्टीवरून हलता कामा नये, म्हणून काट्यावरचा आकडा वाचायला आईला बसवलं. तिला अजून मी काही सांगितलेलं नव्हतं. फक्त म्हटलं, भुंगीला लागतंय.

"भुंगीला? मग थांब, चष्मा आणते," असं म्हणून ती गुडघ्याची तक्रार न करता उठली.

आधी नेहमीच्या हाताने घासलं. आई वाचत होती. "आठशे ऐंशी. नऊशे. नऊशे वीस. छान चाललंय." पट्टी सरळच होती. जोर वाढवला. "दीड हजार. सोळाशे." वाकली नाही. माझे हात थकले. याहून जास्त दाबणं मला जमेना, आणि आपण इतकं कधी दाबलंच नसणार असं वाटायला लागलं.

मग मी डोळे मिटले आणि ती सकाळ आठवली. सरांची खोली, 'पुढच्या वर्षी बघू'. तू टेबलापाशी उभी, 'तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही'. सगळं आठवलं, आणि ते जिथे होतं तिथेच होतं, जरासुद्धा हललेलं नव्हतं. हात आपोआप खाली गेले.

"अडीच हजार," आई म्हणाली. "तीन हजार. अगं, हळू! तीन हजार दोनशे."

डोळे उघडले. कोपरा वाकला होता. मी चोविसावी पट्टी शेजारी ठेवून बघितली. अगदी तसाच.

आईने काट्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. म्हणाली, "बाई गं, जस्ताला एवढं दाबावं लागतं?"

"नाही," मी म्हटलं. "जस्ताला नऊशे पुरतात."

आईने चष्मा काढून ओट्यावर ठेवला, आणि एक हात माझ्या पाठीवर ठेवला. मग मी तिला सगळं सांगितलं.

मशीनला तीन हजार दोनशे सांग. दोनदा मोजलंय.

छान झालं, भुंगे.

ताई